चौदा वेळा जैसलमेर

"उंट उठायला लागला की पुढं वाकायचं," हौसा सांगत होती, "आणि त्याच्या मानेला घट्ट मिठी मारायची. लाजायचं नाही. लाजली ती पडली!"

समोर आमच्या टूरमधल्या सोळा बायका ओळीनं उभ्या होत्या. अंगात स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. त्यांच्या मागं सतरा उंट वाळूत बसून निवांत रवंथ करत होते. हौसा म्हणजे माझी बायको. पदर कमरेला खोचून, हातवारे करून ती सगळ्यांना शिकवत होती. तिनं स्वतः उंट इतक्या जवळून बघितला त्याला जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

पण तिला हे शिकवणारा मी होतो ना! आणि मी बाजूला उभा राहून डिसेंबरच्या थंडीत घाम पुसत होतो. कारण उंट इतक्या जवळून मीसुद्धा दहा मिनिटांपूर्वीच बघितला होता.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आता सांगायला हरकत नाही.

मी आचारी. भिकोबा शेवाळे, राहणार वाई. पुण्याच्या एका टूर कंपनीत सव्वीस वर्षं काढली. आपल्या लोकांचं कसं असतं, हिमालय बघायला जातील, पण सकाळी पोहे पाहिजेत आणि रात्री वरणभात. म्हणून कंपनी टूरबरोबर आचारीच पाठवते. गॅसच्या शेगड्या, टोप, पोह्यांचं पोतं, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या असं सगळं बिऱ्हाड घेऊन मी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हिंडलो. हिंडलो म्हणजे काय, तर लोक बघायला जायचे आणि मी हॉटेलच्या मागच्या अंगणात कांदे कापत बसायचो. पहाटे चहा, मग नाश्ता, मग दुपारचं जेवण, मग मंडईतून भाजी, की लगेच रात्रीची तयारी. आग्र्याचा बटाटा मी डोळे मिटून ओळखेन. ताजमहाल मात्र मी कॅलेंडरवरच बघितला.

पहिल्या टूरवरून घरी आलो तेव्हा हौसानं अंघोळीला कढत पाणी काढलं, जेवायला वाढलं आणि समोर मांडी घालून बसली.

"हं, सांगा. काय काय बघितलंत?"

लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिचं जग म्हणजे वाई, माहेर आणि लांबात लांब सातारा. तिचे डोळे असे लकाकत होते की 'बटाटे बघितले' असं सांगायला माझी जीभ रेटेना. मग दिलं ठोकून.

अगदीच सगळं ठोकलेलं नव्हतं हं. रात्री पंगत बसली की लोक दिवसभराच्या गप्पा मारतात. एक म्हणतो, काय ते कोरीवकाम! दुसरी म्हणते, कोरीवकाम गेलं खड्ड्यात, पायऱ्या किती होत्या, माझे गुडघे मेले! मी आमटी वाढता वाढता सगळं गोळा करायचो. जिथं कमी पडेल तिथं पदरचं घालायचो, स्वयंपाकात घालतो तसंच. उंटाचं तेच झालं. उंट उठताना माणूस पडतो एवढं कानावर आलं होतं, पण कसा पडतो ते कुणी बोललं नाही. आता मी पाचगणीच्या पठारावर घोडे लोळून उठताना बघितलेले. घोडा आधी पुढचे पाय रोवतो आणि मग उठतो. म्हटलं, उंट म्हणजे तरी काय, उंच घोडाच की! पुढून उठला तर माणूस मागं पडणार, म्हणून पुढं वाकायचं, मानेला मिठी मारायची. मिठीचं मी शोभेला घातलं होतं. हौसा ते ऐकून पोट धरून हसली होती.

तिला ते आवडायचं आणि मला तिचं हसणं आवडायचं. असं करत करत पंधरा वर्षं गेली. आणि मधल्या मध्ये एक भलतंच झालं. आमच्या आळीत कुणी प्रवासाला निघालं, की आधी तिकीट काढायचं आणि मग हौसाकडं यायचं. अमृतसरला स्वेटर किती न्यावेत, म्हैसूरला वहाणा कुठं काढाव्यात, काश्मिरात शिकारा होडीत बसताना आधी कुठला पाय टाकावा, सगळं हौसाकाकूला विचारा! पोस्टातले कुलकर्णी बद्रीनाथला निघाले तर त्यांना हिनं अर्धा तास बसवून सूचना दिल्या. ते वहीत लिहून घेत होते. मी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर ओढून पडलो होतो.

तर त्या वर्षी राजस्थानच्या टूरला दोन जागा रिकाम्या राहिल्या. मालक म्हणाले, "शेवाळे, इतकी वर्षं झाली तुम्हाला, या खेपेला वहिनींना घेऊन जा."

माझं धाबं दणाणलं. घरी आलो आणि म्हटलं, "हौसा, थंडी फार असते गं तिकडं. तुला सोसायची नाही."

"तुम्हीच म्हणाला होता की डिसेंबरातच जावं म्हणून."

"प्रवास फार आहे. पाठ धरेल तुझी."

"पाठ माझी आहे," असं म्हणून तिनं पिशवी भरायला घेतली.

जयपूर आणि बिकानेर पार पडलं. ती लोकांबरोबर बसनं जायची, मी मागं शेगडीपाशी. ती परत येईपर्यंत माझं निम्मं लक्ष रस्त्याकडं. फोडणी दोनदा करपली. पण ती यायची तीच खुशीत. "अगदी तुम्ही सांगितलं होतं तस्सं!" लोकांनी पंगतीत मारलेल्या गप्पा खऱ्याच निघत होत्या. मनात म्हटलं, भिकोबा, सुटलास.

जैसलमेरला मात्र घात झाला. टूरमध्ये ठिपसेबाई म्हणून एक रिटायर हेडमास्तरीण होत्या, पुण्याच्या. टूरमधली माणसं मला मामा आणि हौसाला मामी म्हणायची. त्यांनी दुपारी जेवणं झाल्यावर टूर मॅनेजर उपासनीला गाठलं.

"अहो, मामी पहिल्यांदा आल्यात आणि मामा काय इथं भांडी राखत बसणार? आज वाळवंटात दोघंही येतील. रात्रीचं जेवण तासभर उशिरा झालं तर आम्ही काही मरत नाही."

"बाई, मसालेभात आहे, जिलबी आहे..." मी म्हणालो.

"निवृत्ती करेल," उपासनी म्हणाला. निवृत्ती म्हणजे माझा जोडीदार आचारी. त्या पठ्ठ्यानं लगेच मान डोलावली. इतर वेळी सांगितलेलं काम ऐकू यायचं नाही त्याला.

बसमध्ये मला हौसाच्या शेजारी बसवलं. मागच्या सीटवरून एकीनं विचारलं, "मामा, तिथं वाळू गरम असते का हो?"

मी तोंड उघडायच्या आत हौसा म्हणाली, "संध्याकाळची गार असते. ह्यांनी सांगितलंय ना. चौदा वेळा आलेत हे इथं."

"चौदा वेळा!" अख्ख्या बसनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"मामा, मग फोटोला कुठला उंट चांगला?"

"पांढरट घ्या," हौसा म्हणाली, "काळपट चावतो."

हे मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवेना. पण सांगितलं असणार. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर नुसती खुरटी झुडपं होती.

आता पुन्हा त्या वाळूवर या. हौसाचा वर्ग चालला होता, तेवढ्यात उंटवाल्यांचा म्होरक्या पुढं आला. मेहरदीन त्याचं नाव. पांढरी दाढी, लाल पागोटं. तो म्हणाला, "माताजी, आगे नहीं. पीछे झुकना है. पीछे."

हौसानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही त्यानं आमटीत साखर टाकली.

"भाऊ, हमारे ये चौदा बार आके गये हैं इधर," तिनं माझ्याकडं बोट केलं. "उनको सब मालूम है."

मेहरदीन माझ्याकडं वळला. डोळे बारीक करून त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चौदह बार? मैं तो बीस बरस से यहीं हूँ साब. आपको कभी देखा नहीं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण हौसाच बोलली.

"इतने लोग आते हैं, किसका किसका चेहरा याद रखोगे तुम?" आणि बायकांकडं वळून मराठीत म्हणाली, "ह्या उंटवाल्यांना घाई असते हो गिऱ्हाईक फिरवायची. तुम्ही आमच्या ह्यांचं ऐका. पुढं वाकायचं. चला, बसा!"

बायका बसल्या. आपापल्या उंटावर, खोगिराचं लाकूड घट्ट धरून, पुढं वाकायच्या तयारीत. हौसा सगळ्यात पुढच्या उंटावर बसली. पांढरट निवडला होता तिनं. मला एवढं वाईट वाटलं म्हणून सांगू! वीस वर्षं उंट हाकणाऱ्या माणसाला तिनं माझ्या शब्दाखातर खोटं पाडलं होतं. आणि माझा शब्द म्हणजे पाचगणीचा घोडा.

तेवढ्यात पलीकडच्या टेकाडावर दुसऱ्या कुठल्या तरी टूरमधला एक जाडजूड गृहस्थ उंटावर बसला. त्याचा उंट उठायला लागला. मी टक लावून बघितलं. उंटाचं ढुंगण आधी वर गेलं! पुढचे गुडघे तसेच वाळूत. तो गृहस्थ पुढं असा फेकला गेला की टोपी उडाली, चष्मा उडाला आणि तो उंटाच्या मानेवर लोंबकळायला लागला. आणि तो तर साधा सरळ बसला होता. इथं माझ्या सतरा बायका आधीच वाकून बसल्या होत्या. त्यातल्या तीन साठीच्या पुढच्या.

मेहरदीननं तोंडानं टॉक टॉक असा आवाज काढला. उंटांनी माना हलवल्या.

मी धावलो. वाळूत धावणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं, एक पाऊल टाकलं की अर्धं मागं. "मागं रेला! मागं! सगळ्यांनी मागं रेला!"

"अहो, गप्प बसा!" वरून हौसा ओरडली. "पुढं! बायकांनो, पुढंच! हे गंमत करतायत!"

"गंमत नाही गं! मागं!"

"तुम्हीच सांगितलंत ना मला? मानेला मिठी मारायची म्हणून?"

सोळा बायका एकदा माझ्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघायला लागल्या. निम्म्या पुढं, निम्म्या मागं. मेहरदीनला काही कळेना, पण त्यानं हात वर करून उंट थोपवले होते, एवढं देवासारखं केलं. मला वाटलं, आता बाजूला घेऊन समजवायला वेळ नाही. बोलून टाक भिकोबा.

"खोटं सांगितलं!" मी ओरडलो. "सगळं खोटं! मी इथं आलोच नाही कधी! चौदा वेळा जैसलमेरला आलो आणि चौदाही वेळा हॉटेलच्या मागं भजी तळत बसलो! उंट मी आज बघतोय हौसा, तुझ्याबरोबर!"

कुणाच्या तरी उंटाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

हौसा वरून माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. लग्नानंतर पहिल्यांदाच. मग तिनं दोन्ही हातांनी खोगीर धरलं आणि हळूच मागं रेलली. तिचं बघून बाकीच्या सोळाही रेलल्या.

"चलो," मेहरदीन म्हणाला.

उंट उठले. आधी मागून, मग पुढून. बायकांनी अशा किंकाळ्या मारल्या की जैसलमेरच्या किल्ल्यापर्यंत गेल्या असतील. पण एकही पडली नाही. आणि मग त्या किंकाळ्यांचं हसू झालं, आणि ती वरात डुलत डुलत टेकाडापलीकडं निघून गेली. हौसानं मागं वळून बघितलं नाही.

मी मटकन वाळूत बसलो. ठिपसेबाई गुडघ्यांमुळं उंटावर बसल्या नव्हत्या. त्या आपली घडीची खुर्ची घेऊन माझ्याजवळ आल्या.

"मामा, खरंच कधीच नाही?"

"नाही बाई. या वेळेला बटाटेवडे असतात ना. लोक वाळूवरून भुकेले येतात."

त्यांनी खुर्ची उघडून माझ्या शेजारी मांडली. मग म्हणाल्या, "मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात, वारा त्या कशा हलवतो, सगळं फळ्यावर आकृत्या काढून. मुलींना वाटायचं बाई किती फिरल्यात! मी अहमदनगरच्या पुढं गेलेच नव्हते."

"मग कुणी विचारलं नाही तुम्हाला?"

"एकीनं विचारलं एकदा. तिला मी अंगठे धरून उभं केलं." असं म्हणून त्या खुसुखुसू हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. माझ्या डोक्यात एकच, आता हौसा माझं काहीही खरं मानायची नाही. उद्या मी 'भूक नाही' म्हटलं तरी ती माझ्या तोंडाकडं बघेल.

पाऊण तासानं वरात परत आली. सूर्य खाली आला होता आणि सगळी वाळू हळदीच्या रंगाची झाली होती. हौसाचा उंट बसला. ती मागं रेलून, अगदी सराईतासारखी उतरली आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ठिपसेबाई शहाण्या. खुर्ची उचलून चालत्या झाल्या.

"ताजमहाल?" हौसानं विचारलं.

"नाही."

"कन्याकुमारीचा सूर्य?"

"त्या वेळेला उपमा करत होतो."

"दार्जिलिंगची छोटी आगगाडी? तिच्याबरोबर तुम्ही चालत गेला होतात ती?"

"शिट्टी ऐकली होती."

"मग खरं काय होतं त्यातलं?"

मी खाली मान घातली. "जैसलमेरला कांदा लहान मिळतो आणि डोळ्यांना फार झोंबतो. दार्जिलिंगला डाळ लवकर शिजत नाही. कन्याकुमारीला एक भाजीवाली आहे, ती मला दर वेळी कढीपत्ता फुकट देते आणि माझ्या हिंदीला हसते. असलं काहीतरी. हे काय सांगायचं, म्हणून..."

"म्हणून काय?"

"तू एवढ्या आशेनं विचारायचीस गं. तुझा हिरमोड करवत नव्हता."

ती माझ्या शेजारी धपकन बसली. मला वाटलं रडतेय की काय. बघितलं तर रागानं लाल झाली होती.

"अहो, मला काय ताजमहाल पाहिजे होता? महिना महिना तुम्ही घरात नसायचात. आलात की दोन तास माझ्यासमोर बसून माझ्याशी बोलायचात, तेवढंच मला पाहिजे होतं. आमचा बाप आईशी कधी दोन तास बोललेला मी बघितला नाही. तुम्ही कांद्याचं सांगितलं असतंत तर मी कांद्याचं ऐकलं असतं! आणि ती कढीपत्तावाली कोण, ते मला आजवर सांगितलं नाहीत ते नाहीतच."

"अगं, सत्तर वर्षांची आहे ती!"

"ते मी बघीन," ती म्हणाली. आणि एवढं बोलून तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. मी आपला वाळूत बसून हसतोय आणि डोळ्यांतून पाणी येतंय, आणि ती पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसतेय, मग माझे. तिकडं उंटापाशी सगळ्या बायका आमच्याकडं बघायचं नाही असं ठरवून आमच्याकडंच बघत होत्या.

मग ती एकदम उठली. "मेहरदीनभाऊ! अभी इनको बिठाओ."

"अगं, कशाला? मसालेभात..."

"उठा म्हणते ना!"

मेहरदीन दाढीतल्या दाढीत हसत होता. "आइये साब. पंद्रहवीं बार."

मला तिच्याच उंटावर बसवलं. हौसा खाली उभी राहून सूचना देत होती आणि सोळा बायका तिच्या मागून तेच ओरडत होत्या. पाय घट्ट! हात इथं! खाली बघू नका! मागं रेला मामा, मागं! उंटाचा मागचा भाग वर गेला, आणि मग पुढचाही वर आला. आणि मी एकदम उंचावर होतो.

मेहरदीननं मला त्या मोठ्या टेकाडाच्या पार टोकापर्यंत नेलं आणि थांबवलं. तिथं काही नव्हतं. हॉटेल नाही, रस्ता नाही, झाड नाही. नुसती वाळू, वाऱ्यानं घडी घातल्यासारखी, लांबवर, आणि तिच्या कडेवर तो सूर्य. मी त्याआधी कधी सूर्य बुडताना बघितला नव्हता, म्हणजे बघत बसलो नव्हतो. त्या वेळेला माझ्या हातात झारा असायचा. सूर्य पार बुडेपर्यंत आम्ही दोघं आणि तो उंट तसेच उभे होतो.

परत आलो. उंट बसला, मी उतरलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला होता, कुणीतरी माझ्या हातात कप दिला. हौसा समोर येऊन उभी राहिली.

"हं, सांगा."

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं न बघितलेल्या गोष्टी मी तासतासभर रंगवून सांगितल्या होत्या. आता शब्द शोधायला लागलो तर एकही हाताला लागेना. वाळू म्हणावं तर ती नुसती वाळू नव्हती. सूर्य म्हणावं तर तो काय वाईलाही असतो. मी नुसता हात वर केला, टेकाडाकडं दाखवला आणि खाली घेतला.

"नाही गं सांगता येत," मी म्हणालो.

हौसानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातला कप घेऊन त्यातला एक घोट घेतला आणि परत माझ्या हातात दिला.

"आता पटलं," ती म्हणाली. "आता तुम्ही खरंच जाऊन आलात."